रीस्टार्ट, रीसेट आणि फर्मवेअर : घरचे इंटरनेट बंद पडल्यावर आधी काय करावे, काय टाळावे

जुलै २०१७ च्या अखेरीस देशाच्या अनेक भागांतील बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम एकाएकी निरुपयोगी झाले. तारा शाबूत होत्या, दूरध्वनी केंद्रे सुरू होती, बिलेही भरलेली होती. तरी इंटरनेटला जोडणी मिळेना. त्या वेळच्या वृत्तांनुसार बाधित मोडेमची संख्या साठ हजारांच्या घरात होती. तपासात निघालेले कारण मात्र अगदी साधे होते. कारखान्यातून निघताना मोडेमला दिलेला 'अ‍ॅडमिन' हा पासवर्ड असंख्य घरांत जसाच्या तसा राहिला होता आणि त्याच वाटेने मालवेअर आत शिरले होते. पासवर्ड तातडीने बदलावा, असे आवाहन बीएसएनएलला ग्राहकांना करावे लागले. 'ब्रिकरबॉट' या मालवेअरच्या अज्ञात निर्मात्याने पुढे या हल्ल्याची जबाबदारी घेतली. 'ब्रिक' म्हणजे वीट. चालत्या उपकरणाची निर्जीव वीट करून टाकणे, एवढाच त्या मालवेअरचा उद्देश होता.

या घटनेने एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारा तो डबा म्हणजे निव्वळ वीजजोडणीसारखी वस्तू नव्हे. तो एक छोटा संगणक आहे. त्याला स्वतःची आज्ञावली आहे, स्मृती आहे, आणि म्हणून त्याला स्वतःचे आजारही आहेत. परंतु तो बंद पडला की बहुतेक घरांत दोनच उपाय योजले जातात. एक तर कंपनीला फोन करायचा, नाही तर टाचणी घेऊन मागचे बारीक छिद्र दाबायचे. पहिल्या उपायात दिवस जातात. दुसऱ्यामुळे कित्येकदा साधा बिघाड मोठा होतो.

भोपाळच्या घरांत हा प्रश्न अधिक बोचरा का?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेले नागपूर त्या दिवशी मुंबई राज्यात गेले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील अनेक मराठी कर्मचारी नव्या राजधानीच्या कार्यालयांसाठी भोपाळला आले. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या 'भेल'च्या कारखान्यानेही अनेक मराठी कुटुंबांना या शहरात आणले. आज त्यांतील कित्येक घरांत निवृत्त आई-वडील तेवढे उरले आहेत आणि मुले पुणे, मुंबई, गोवा किंवा परदेशात स्थिरावली आहेत.

अशा घरात इंटरनेट ही करमणुकीपुरती बाब राहत नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आता 'जीवन प्रमाण' सेवेतून घरबसल्या देता येतो. बँकेचे व्यवहार, औषधांची मागणी, डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य संभाषण, नातवंडांची रोजची भेट, सारे त्याच डब्यातून होते. त्यात एक बदल अनेक ज्येष्ठांच्या लक्षात आलेला नसतो. तांब्याच्या जुन्या तारेवरील दूरध्वनीला वीज केंद्रातून मिळत असे. घरातील दिवे गेले तरी तो वाजत असे. फायबरवरील दूरध्वनी मात्र घरातील डब्यातूनच चालतो. डबा बंद पडला की इंटरनेटबरोबर तो फोनही मुका होतो. भोपाळमधील बाबा मोबाइलवरून विचारतात आणि पणजीत बसलेली मुलगी जमेल तसे मार्गदर्शन करते, हे दृश्य म्हणूनच आता नवलाचे राहिलेले नाही. पुढील माहिती अशा दोन्ही टोकांसाठी आहे. मांडवीच्या काठचा राऊटर आणि बड्या तलावाच्या काठचा राऊटर यांचे दुखणे सारखेच असते.

डब्याच्या आत तीन थर

घरोघरी बसवल्या जाणाऱ्या फायबरच्या डब्याला 'ओएनटी' म्हणतात. फायबरमधून येणारा प्रकाश तो विद्युत संकेतांत बदलतो. तोच डबा बहुधा राऊटरचेही काम करतो, म्हणजे घरातील प्रत्येक उपकरणाला अंतर्गत क्रमांक देतो आणि कोणाची माहिती कोणाकडे जावी हे ठरवतो. वाय-फायचे प्रक्षेपणही त्यातूनच होते. काही घरांत ही कामे दोन स्वतंत्र डब्यांत विभागलेली असतात.

बिघाड समजून घ्यायचा तर या डब्यातील माहितीचे तीन थर वेगळे ओळखले पाहिजेत. सर्वांत खाली फर्मवेअर. ही उपकरणाची मूळ आज्ञावली असून ती कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेली असते. तिच्यावर सेटिंग्ज. यात वाय-फायचे नाव, पासवर्ड, कंपनीने दिलेला यूजर आयडी अशा त्या घरापुरत्या नोंदी असतात. सर्वांत वर चालू स्मृती. त्या क्षणी सुरू असलेले काम तिच्यात असते आणि वीज जाताच ती पुसली जाते. शाळेच्या उपमेत सांगायचे तर फर्मवेअर हे छापील पाठ्यपुस्तक, सेटिंग्ज ही विद्यार्थ्याची वही आणि चालू स्मृती ही फळ्यावरची खडूची अक्षरे.

आता तीन कृतींमधला फरक स्पष्ट होतो. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून पुन्हा सुरू करणे. त्याने फक्त फळा पुसला जातो. रीसेट म्हणजे छिद्रात टाचणी घालून काही सेकंद दाबून धरणे. त्याने वही कोरी होते. फर्मवेअर अद्ययावत करणे म्हणजे पाठ्यपुस्तकच बदलणे. यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पुस्तकातच छपाईची चूक असेल, तर वही कितीही वेळा कोरी केली तरी ती दुरुस्त होणार नाही. आणि चूक फळ्यावर असेल, तर वही फाडण्याचे कारणच नाही.

पहिली पायरी : दिवे वाचणे

राऊटरसमोर उभे राहून दिवे नीट पाहिले की निम्मे निदान होते. फोनवरून मदत करणाऱ्यानेही पहिला प्रश्न हाच विचारावा : "बाबा, कोणता दिवा लागलाय आणि कोणत्या रंगाचा?" नावे आणि रंग उपकरणागणिक थोडे बदलतात, पण मुख्य खुणा समान असतात.

'पॉवर'चा दिवाच नसेल, तर प्रश्न विजेचा किंवा अ‍ॅडॉप्टरचा. 'एलओएस' हा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही. बाहेर तार तुटली असेल, घरात ती खुर्चीखाली दबली असेल, किंवा भिंतीलगत तिला घट्ट वळण बसले असेल. काचेचा तंतू तीव्र वळला की प्रकाश बाहेर सांडतो. अशा वेळी सेटिंग्जशी खेळण्यात काहीच अर्थ नाही. तार हळुवार सैल करावी, जोड घट्ट बसला आहे का ते पाहावे आणि तरीही लाल दिवा राहिला तर थेट तक्रार नोंदवावी. फायबरचे मोकळे टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहू नये. त्यातील लेसर किरण अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असेल, तर कंपनीच्या केंद्राशी प्रकाशाचा दुवा जुळलेला आहे. तो सतत लुकलुकत असेल, तर केंद्र उपकरणाला ओळखत नाही किंवा प्रकाश क्षीण आहे. 'पॉन' स्थिर आहे आणि 'इंटरनेट'चा दिवा लाल आहे किंवा विझलेला आहे, तर दुवा जुळूनही कंपनीच्या यंत्रणेने प्रवेश दिलेला नाही. बिल थकणे, यूजर आयडी-पासवर्ड पुसला जाणे किंवा केंद्रातील अडचण, यांपैकी एखादे कारण असते. सर्व दिवे यथायोग्य असूनही मोबाइलवर काही उघडत नसेल, तर दोष वाय-फायमध्ये, मोबाइलमध्ये किंवा पुढे सांगितलेल्या नावांच्या यंत्रणेत शोधावा.

दुसरी पायरी : एका वेळी एकच गोष्ट तपासणे

दिवे ठीक वाटत असतील, तर राऊटरची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि मग ती सुरू करावी. पूर्ण सुरू होण्यास त्याला दोन-तीन मिनिटे द्यावीत. फळ्यावरचा गोंधळ असेल तर एवढ्याने तो निवळतो. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर एका मालवेअरच्या माऱ्याने कोलमडले होते. तेव्हाही ग्राहकांना पहिला सल्ला हाच देण्यात आला : वीज काढा, थोडे थांबा, पुन्हा जोडा. सुरू होताना राऊटरने कंपनीकडून दुरुस्त फर्मवेअर उतरवून घ्यावे, अशी योजना होती.

रीस्टार्टने भागले नाही, तर बिघाड कुठवर आहे ते मोजावे. शक्य असेल तर लॅपटॉप तारेने राऊटरला जोडावा. तारेने चालते आणि वाय-फायने नाही, असे आढळले तर निम्मा शोध संपला. त्यानंतर ब्राउझरमध्ये राऊटरचा अंतर्गत पत्ता टाकावा. अनेक उपकरणांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याच्या तळाशी छापलेला असतो. टंकताना आकडे अर्थातच इंग्रजी घ्यावेत. हे पान उघडले, तर घरापासून राऊटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक मिळालेला दिसला, तर राऊटर क्रमांक वाटण्याचे काम करत नाही, किंवा तार सदोष आहे, असे समजावे.

राऊटरच्या त्या पानावर 'स्टेटस' विभागात दोन नोंदी पाहण्याजोग्या असतात. 'ऑप्टिकल'च्या सदरात येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे आकड्यात, डीबीएम या एककात दिलेली असते. प्रचलित यंत्रणेत उणे २७ ही ग्रहणशक्तीची सीमा मानली जाते. उणे २० च्या आसपासचा आकडा निरोगी; उणे २६ किंवा २७ दिसत असेल, तर जोडणी अधूनमधून तुटणे स्वाभाविक आहे आणि तो दोष बाहेरच्या तारेचा किंवा जोडाचा आहे. हा आकडा तक्रारीत सांगितला, तर 'राऊटर बदला' या ठरावीक उत्तराला आळा बसतो. दुसरी नोंद 'वॅन'ची. तेथे 'कनेक्टेड' दिसते की नाही आणि बाह्य क्रमांक मिळाला आहे की नाही, ते पाहावे.

शेवटची कसोटी नावांची. संकेतस्थळाचे नाव टंकल्यावर त्याचा क्रमांक शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ती इंटरनेटची दूरध्वनी-वही होय. लॅपटॉपवरून ८.८.८.८ या क्रमांकाला 'पिंग' केल्यास उत्तर येते, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, अशी स्थिती असेल तर इंटरनेट चालू आहे. फक्त वही हरवली आहे. अशा वेळी राऊटरमध्ये किंवा मोबाइलमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा डीएनएस पत्ता भरल्यास प्रश्न सुटू शकतो.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, हा प्रकार निराळा. यूजर आयडी लागणाऱ्या पीपीपीओई जोडणीत माहितीच्या प्रत्येक पाकिटावर ८ बाइटचे जादा वेष्टन चढते. त्यामुळे पाकिटाची कमाल मर्यादा, म्हणजे 'एमटीयू', १५०० ऐवजी १४९२ असावी लागते. ही नोंद चुकलेली असेल तर मोठी पाकिटे वाटेत अडतात.

टाचणीपूर्वी कागद

आता रीसेटविषयी. ज्या जोडणीत पीपीपीओई वापरले जाते, तेथे कंपनीने दिलेला यूजर आयडी व पासवर्ड राऊटरमध्ये साठवलेला असतो. अनेक ठिकाणी 'व्हीलॅन' नावाचा एक क्रमांकही असतो. इमारतीच्या जिन्यातील ठरावीक मार्गिकेसारखा तो असतो आणि तो चुकला तर माहिती केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. रीसेट केल्यावर यांतील बरेच काही पुसले जाते. काही कंपन्या केंद्रातून या नोंदी पुन्हा आपोआप भरतात, पण सर्वच नाही. ज्या घरात यूजर आयडी कोठेही लिहून ठेवलेला नाही, तेथे रीसेटनंतर माणूस येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. पाच मिनिटांचा बिघाड असा दोन दिवसांचा होतो.

म्हणून टाचणी हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एक, 'वॅन'च्या पानाचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. दोन, राऊटरमध्ये 'बॅकअप' अशी सोय असल्यास सेटिंग्जची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवावी. तीन, कंपनीकडून यूजर आयडी आणि पासवर्ड लेखी किंवा संदेशाने मागून घ्यावा. एवढे हाती असेल, तर रीसेट हा धोका राहत नाही. तो एक उपाय ठरतो. राऊटरचा प्रवेश-पासवर्ड विसरला असेल किंवा सेटिंग्जमध्ये कोणी ढवळाढवळ केल्याची शंका असेल, तेव्हा तो जरूर करावा.

मंद गतीचा आरोप नेहमी खरा नसतो

इंटरनेट चालते पण रखडते, ही तक्रार सर्वांत जास्त. आधी एकक तपासावे. कंपनी १०० एमबीपीएस म्हणते तेव्हा ती बिट मोजते. फाइल उतरवताना संगणक बहुधा बाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट एवढाच कमाल वेग दिसेल, आणि त्यात फसवणूक नाही.

त्यानंतर वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून दूर जातो. परंतु त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही गर्दी करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वाहिनी-क्रमांक १, ६ आणि ११ हे तीनच. दाट वस्तीच्या इमारतीत 'चॅनेल' या नोंदीत यांतील कमी गर्दीचा क्रमांक निवडल्यास फरक पडतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकणारा. राऊटर असलेल्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४ अशी विभागणी सोयीची. जुन्या घरांतील जाड भिंती, लोखंडी कपाट, टीव्हीच्या मागची जागा हे वाय-फायचे शत्रू होत. राऊटर उंच, उघड्या आणि घराच्या मध्याजवळच्या जागी असावा.

फर्मवेअर सदोष आहे असे कधी म्हणावे?

फर्मवेअरला दोष देण्यापूर्वी दोन निरपराध भासणाऱ्या गोष्टी तपासाव्यात. पहिली अ‍ॅडॉप्टर. काही वर्षांच्या वापरानंतर तो पुरेशी वीज देईनासा होतो. दिवा लागतो, पण वाय-फायवर ताण येताच राऊटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा, त्याच प्रकारच्या पिनेचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहिल्यास उलगडा होतो. दुसरी उष्णता. भोपाळमध्ये मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला राऊटर दुपारी अडखळतो आणि रात्री सुधारतो. दोष आज्ञावलीत नसून जागेत असतो.

ही दोन्ही कारणे बाजूला पडल्यावर फर्मवेअरच्या दोषाची लक्षणे अशी : ठरावीक काळ चालल्यानंतर दर वेळी गोठणे आणि रीस्टार्टनंतर तेवढाच काळ पुन्हा चालणे, जतन केलेली सेटिंग आपोआप पूर्वस्थितीत जाणे, पूर्ण रीसेट करूनही तीच खोड राहणे, आणि अद्ययावत झाल्याच्या दिवसापासूनच बिघाड सुरू होणे. यातील शेवटची खूण सर्वांत बोलकी असते. म्हणून 'स्टेटस'च्या पानावरील फर्मवेअरची आवृत्ती अधूनमधून लिहून ठेवावी.

सदोष फर्मवेअर केवळ घरापुरते त्रासदायक असते, असेही नाही. २००३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या घड्याळ-सेवेवर अचानक प्रचंड मारा सुरू झाला. हल्लेखोर कोणी नव्हता. नेटगिअरच्या काही घरगुती राऊटरच्या फर्मवेअरमध्ये वेळ विचारण्यासाठी त्या विद्यापीठाचा पत्ता कायमचा लिहिलेला होता, आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला पुन्हा विचारावे अशी सूचना होती. लक्षावधी निरागस डबे मिळून एका विद्यापीठाला वेठीस धरत होते आणि त्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

फर्मवेअर बदलताना काही पथ्ये काटेकोर पाळावीत. राऊटर कंपनीने दिलेला असेल, तर त्यात बहुधा कंपनीसाठी तयार केलेली आवृत्ती असते आणि ती दूरस्थ पद्धतीने कंपनीच बदलते. अशा डब्यात निर्मात्याच्या संकेतस्थळावरील सर्वसाधारण फाइल चढवू नये. जोडणीच्या नोंदी निकामी होण्याची शक्यता असते. राऊटर स्वतः विकत घेतलेला असेल, तर तळाशी छापलेले मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही जुळवूनच निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल घ्यावी. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत आतील चिप वेगळी असू शकते. हे काम वाय-फायवरून न करता तारेने करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वादळ, गडगडाट किंवा वीज जाण्याची शक्यता असताना ते हाती घेऊ नये. पाठ्यपुस्तक अर्धे छापले असताना वीज गेली, तर राऊटर सुरूच होत नाही. पावसाळ्यातील गोमंतकीयांना आणि भोपाळकरांना हा इशारा सारखाच लागू आहे. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस येथेही उपयोगी पडतो आणि फायबरवरील दूरध्वनी जिवंत ठेवायलाही.

शांतपणे होणारा बिघाड

राऊटर बंद पडला तर निदान कळते. तो चालू राहून चुकीच्या दारी नेऊ लागला, तर कळतही नाही. ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेमच्या फर्मवेअरमधील त्रुटीचा फायदा घेऊन हल्लेखोरांनी त्यांतील डीएनएसचे पत्ते बदलल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. दूरध्वनी-वहीच बनावट दिल्यावर बँकेचे नाव टंकणारा माणूस बँकेसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच पानावर पोहोचतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. २०२३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत एका कंपनीच्या ग्राहकांचे सहा लाखांहून अधिक राऊटर ७२ तासांच्या आत कायमचे निकामी झाले. ते रीस्टार्टने वा रीसेटने सुधारण्यापलीकडे गेले होते, बदलावेच लागले.

यावरील उपाय महागडे नाहीत. राऊटरला पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांना दिला जातो. दुसरा राऊटरच्या पानात शिरण्याचा, जो कोणालाच द्यायचा नसतो. बहुतेक घरांत पहिला बदललेला असतो, दुसरा नाही. २०१७ मध्ये घात केला तो या दुसऱ्याने. तो बदलावा. 'रिमोट मॅनेजमेंट' ही नोंद स्वतः कधी वापरत नसल्यास बंद करावी. वाय-फायची सुरक्षा 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३' असावी. 'डब्ल्यूईपी' दिसल्यास ती त्वरित बदलावी. डीएनएसच्या रकान्यात अनोळखी क्रमांक आढळला तर कंपनीला विचारून खातरजमा करावी. आणि निर्मात्याने फर्मवेअर देणे थांबवलेला जुना राऊटर, चालतो म्हणून वर्षानुवर्षे ठेवू नये.

तक्रार करताना

घरची तपासणी पूर्ण झाल्यावर तक्रार नोंदवावी आणि तिचा डॉकेट क्रमांक न विसरता घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक देणे सेवा कंपनीवर बंधनकारक आहे, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. "नेट चालत नाही" एवढेच सांगण्याऐवजी "एलओएस लाल आहे", "पॉन स्थिर आहे पण वॅन जुळत नाही", "प्रकाशाची पातळी उणे २८ आहे" असे सांगितल्यास दुरुस्तीसाठी योग्य माणूस योग्य साहित्य घेऊन येण्याची शक्यता वाढते.

या सर्वांसाठी लागणारी सामग्री म्हणजे एक जाड कागद आणि ठसठशीत अक्षर. ग्राहक क्रमांक, यूजर आयडी, तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक, राऊटरचा पत्ता, फर्मवेअरची आवृत्ती आणि सर्व ठीक असताना कोणते दिवे कसे असतात याची नोंद त्यावर करावी; पासवर्ड मात्र घरातील सुरक्षित वहीत ठेवावेत. भोपाळला सुटीत आई-वडिलांकडे गेलेल्या मुलाने किंवा मुलीने राऊटर सुरळीत चालू असतानाच हा कागद तयार करून कपाटाच्या दारामागे चिकटवावा. बिघाडाच्या दिवशी बाबांना तंत्रज्ञान समजले नाही तरी चालते. कागद समोर धरून दिवे वाचता आले आणि टाचणीला हात न लावण्याचा संयम राहिला, तर बरेचसे काम त्यांचे त्यांनाच साधते.